कॅप्टन, दिवा मालव

३ जून

मिठू,

आशीर्वाद लिहायचे की नाहीत ते पत्राच्या शेवटी ठरवते. आठ वर्षांनी तुला पत्र लिहितेय, हात अडखळणारच. फोन करता आला असता, पण फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला स्वतःशीच बोलल्यासारखं होतं. ओळखीपाळखीचे लोक तुलाच 'ताई' समजून तासतासभर गप्पा मारायचे आणि तू त्यांना माझ्या तारखा देऊन मोकळी व्हायचीस, आठवतं ना? शिवाय सहा वर्षांपूर्वीचा फोन अजून माझ्या कानात आहे. तू म्हणालीस, थांब, आईला देते. मग बराच वेळ खडखड, आणि मग आईचा तो बारीक झालेला आवाज, पुन्हा फोन करू नकोस. त्यानंतर मी नंबर लावलेला नाही.

लिहायला कारण घडलंय. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक चष्मेवाली मुलगी आली. जुने सिनेमे शोधून साफसूफ करणारी काही मंडळी आहेत म्हणे, त्यांच्यातली. मला वाटलं, गॅसचं मीटर बघायला आलीय. दारातच म्हणाली, "तुमचे एकतीस मृत्यू मी पाहिलेत." मी तिला आत घेतलं. इतक्या वर्षांत माझ्या दारात येऊन इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

तिला सगळं पाठ आहे. माझं पहिलं काम लिफ्टमधल्या प्रेताचं, हेसुद्धा. मी तिला खरं काय ते सांगितलं, की दीड मिनिट श्वास रोखून पडता येतं एवढ्याच गुणावर मी या धंद्यात शिरले आणि पुढे चौदा सिनेमांत भूत झाले. तो पांढरा झगा नऊ सिनेमांत तोच होता. रक्त साखरेच्या पाकाचं असल्यामुळे मेल्यावर मुंग्या यायच्या, आणि मेलेल्या बाईला खाजवता येत नाही. एकच बंगला, दर सिनेमाला भिंतीचा रंग बदलायचा. अठरा दिवसांत सिनेमा हातावेगळा. ती पोरगी हसून हसून बेजार झाली आणि मीही बऱ्याच दिवसांनी हसले.

मग ती म्हणाली, त्यांना माझे तीन सिनेमे दाखवायचे आहेत, शेवटी मला मंचावर बसवून प्रश्न विचारायचे आहेत. त्या तिनांत तो एक आहे. कोणता ते तुला सांगायला नको. मी सरळ नाही म्हटलं. तिने कारण विचारलं, मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

तुला माहीत आहे, मी माझा एकही सिनेमा पाहिलेला नाही. पडद्यावर मी ओठ हलवायचे आणि बोलायचीस तू, ते बघायची मला लाज वाटायची. आणि तो तर नाहीच नाही. शेजारणींनी आईला मुद्दाम दुपारच्या खेळाला नेलं होतं. घरी आल्यावर आई मला एकच वाक्य बोलली, की अंग कुणाचं का असेना, आवाज माझ्याच मुलीचा होता, तेवढा मला कळतो. मी परोपरीने सांगितलं की तो उघड्या अंगाचा तुकडा सिनेमा काढणाऱ्या शेठने मागाहून दुसऱ्याच बाईला घेऊन जोडलाय, माझा विग तिच्या डोक्यावर चढवून, पाठमोरा. आईने माझी पेटी दाराबाहेर ठेवली. नंतर तूच मला समजावलंस, की शेठच्या माणसाने जुन्या रिळांतले उसासे कापून चिकटवले असतील, आपण काय करणार. मी तेच धरून सव्वीस वर्षं काढली.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी कशाची लाज? चष्मेवाली मला तो सिनेमा एकटीला दाखवायला तयार आहे. बघावा म्हणते.

आईचे डोळे कसे आहेत? तुझी शाळा सुरू झाली असेल. आशीर्वाद.

ताई


१९ जून

मिठू,

पाहिला.

आधी तुला एक जुनी गंमत सांगते, कारण ती मुळात तूच सांगितलेली आहे. शूटिंगच्या वेळी त्या सिनेमाचा नायक डॉक्टर होता. अठरा दिवस मी त्याला डॉक्टर, डॉक्टर म्हणत होते. मग शेठचा दुसरा एक डॉक्टरचा सिनेमा धो धो आपटला, आणि तुम्ही डबिंगला बसलात तेव्हा शेठने डॉक्टरचा कॅप्टन केला. तू घरी येऊन हसून लोळलीस, की ताई, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला कॅप्टन! परवा ते मी डोळ्यांनी बघितलं. माझे ओठ 'डॉक्टर' म्हणताहेत आणि आवाज येतोय 'कॅप्टन'. इतकं बेमालूम बसवलंस की माझेच ओठ खोटे वाटावेत. मला कौतुक वाटलं तुझं. खरंच वाटलं.

मग तो तुकडा आला. पाठमोरी बाई, माझा विग. मी मान खाली घातली होती, म्हणून बघण्याऐवजी ऐकलं. आधी जीभ टाळूला लागल्याचा बारीक 'टक्'. लहानपणापासून तू बोलायला सुरुवात करण्याआधी तो करतेस. त्यासाठी डबिंगवाला तुला किती बोलायचा. आणि मग माझ्या आवाजात, सावकाश, "कॅप्टन, दिवा मालव."

मी चष्मेवालीला तेवढं पुन्हा लावायला सांगितलं. चार वेळा ऐकलं, शेवटच्या वेळी मान वर करून. तिला वाटलं, मला जुने दिवस आठवले.

मिठू, जुन्या रिळांत कुठला कॅप्टन? आता तू म्हणशील, त्याच सिनेमातल्या दुसऱ्या कुठल्या तरी सीनमधून कापला असेल. बरं. मग 'दिवा मालव' कुठून आणलं? अख्ख्या सिनेमात दिवा मालवायला कुणी कुणाला सांगत नाही, उलट भुताला घाबरून सगळे दिवे शोधत पळताहेत. ते वाक्य कुणीतरी माइकसमोर उभं राहून बोललंय. त्या बाईची मान वळते तिथे वाक्य संपतं. मला जन्मात कधी ते जमलं नाही. माझे ओठ मिटले की मागून माझा आवाज यायचा, म्हणून तर तुला त्या गादीच्या भिंतींच्या खोलीत नेऊन उभं केलं. पंधरा वर्षांची होतीस. तू माझा डबा घेऊन आली होतीस आणि मी बारा वेळा चुकल्यावर कोपऱ्यातून म्हणालीस, ताई, मी म्हणून बघू?

मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचे, आवाज घरातला आहे.

आईचं काही चुकलं नाही. आवाज तिच्याच मुलीचा होता. तिने फक्त मुलगी चुकीची हाकलली. आणि तू तिथे उभी होतीस. मी पेटी उचलली तेव्हा तू दाराला टेकून रडत होतीस आणि मीच तुला जवळ घेऊन म्हटलं, तू कशाला रडतेस वेडे, तुझा काय संबंध. हे आठवलं की अंगाची आग होते.

मला तुझ्याकडून माफीबिफी नको. एकच गोष्ट कर. आईच्या खोलीत जा, दार लाव, आणि तिला सांग की ती तू होतीस. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे. मी म्हणून तिच्या मनात बसलेली ती पाठमोरी बाई पुसली जायला हवी, ती जायच्या आधी. एवढंच मागतेय.

ताई


८ जुलै

मिठू,

चार पानांचं पत्र मिळालं. अक्षर अजून सुंदर आहे.

तू म्हणतेस, शेठने सांगितलं की तापात बरळण्याचा सीन आहे, पडद्यावर काही दाखवलंच नाही, नुसता लाल दिवा लागला की बोलायचं. तापाने फणफणलेली बाई 'कॅप्टन, दिवा मालव' म्हणत नाही गं. म्हटलं तरी तशा सुरात म्हणत नाही. तू बावीस वर्षांची होतीस, दुधखुळी नव्हतीस. आणि पडदा कोरा होता तर तिची मान वळते तिथे वाक्य कसं संपलं? पण ते जाऊ दे. शेठने तुला फसवलं, असं मी धरून चालते. सिनेमा लागल्यावर तर तुला कळलं ना? आई घरी आल्यावर कळलं. माझी पेटी बाहेर आली तेव्हा कळलं. तिथे तोंड उघडायला शेठ आडवा आला नव्हता.

तुझं लग्न ठरलं होतं, सासरचे काय म्हणाले असते, असं लिहितेस. म्हणजे तुझं घर मांडायला माझं मोडलं. तसं स्पष्ट तरी लिही, चार पानं कशाला भरायची.

काल मी केसवाल्या बाईंकडे जाऊन आले. अकरा वर्षं त्यांनी माझे केस विंचरले, विग चढवले, मेल्यावर अंगावरच्या मुंग्या झटकल्या. विग त्यांच्या ताब्यात असायचा, म्हणून मी त्यांनाच धरलं होतं. भर सेटवर, पन्नास माणसांदेखत, नाही नाही ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, तुमच्या घरात विचारा. मला वाटलं, आईवर शिंतोडे उडवताहेत, आणि मी त्यांना सेटवरून काढायला लावलं. आता त्यांचे हात थरथरतात. दार उघडून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "विचारलंत वाटतं घरात." मग मला खुर्चीत बसवून मागे उभ्या राहिल्या आणि हातानेच केस सारखे केले. मी तिथे ढसाढसा रडले. त्या सिनेमानंतर मी अजून सात केले, सगळ्या पोस्टरवर पाठमोरी. कुणाला माझा चेहरा नकोच होता. केसवाल्या बाई मात्र म्हणाल्या, चेहरा चांगला होता हो तुमचा.

तू लिहितेस, ताई, आईला तुझ्याबद्दल काही ऐकूनच घ्यायचं नाही, नाव काढलं तरी भिंतीकडे तोंड करते. डॉक्टरांनीही जपायला सांगितलंय, सहामाही संपेपर्यंत थांब, मग मी वेळ बघून सांगीन. सव्वीस वर्षं वेळच बघतेयस तू. वेळ साधण्यात तुझा हात कोण धरणार?

मी थांबणार नाही. या महिन्यात येतेय. दिवस सांगत नाही.

ताई


२२ जुलै, संध्याकाळ

मिठू,

तुझ्या गल्लीच्या तोंडाशी जो लॉज आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर बसून लिहितेय. इथून तुझी खिडकी दिसते, हिरवा पडदा. आईची खोली पलीकडच्या अंगाला आहे हे आज कळलं.

दुपारी तू शाळेत असताना मी आले. आईला सांभाळणाऱ्या बाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, मी मोठी. त्यांना बहुधा मोठी कोण हे ठाऊकच नव्हतं, पण माझा आवाज ऐकून त्यांना खात्री पटली असावी, कारण म्हणाल्या, अगदी ताईंसारखाच आवाज की हो. ताई म्हणजे तू. मला हसू आलं. घटकाभर बसणार असाल तर औषधं घेऊन येते, म्हणून त्या बाहेर पडल्या.

आई खुर्चीत बसली होती, उन्हात पाय सोडून. इतकी लहान झालीय. डोळे उघडे, पण बघत कुठेच नाहीत. तू 'थोडं कमी दिसतं' असं लिहिलं होतंस. मी जवळ जाऊन बसले. काय बोलायचं ते प्रवासात दहा वेळा घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी म्हणाले, "आई, मी आलेय. ताई."

ती हसली. माझा हात चाचपून थोपटला आणि म्हणाली, "आज नको गं मिठू, तिचा आवाज काढूस. आज ऐकवत नाही."

मला क्षणभर काही उमगलंच नाही. मी म्हटलं, आई, मीच आहे, खरंच ताई. ती म्हणाली, दर वेळी असंच म्हणतेस. मी हात पुढे केला, तर ओळखीची खूण म्हणून काय दाखवू? सव्वीस वर्षांत तो हात तिच्या ओळखीचा राहिलाच नव्हता.

मग तिने विचारलं, "तिचं उत्तर आलं का?"

मिठू, त्या प्रश्नावर मी श्वास रोखला, लिफ्टमधल्या प्रेतासारखा. कसलं उत्तर, हे मला ऐकायचं होतं, आणि ती ते ताईला सांगणार नव्हती. ती मिठूला सांगणार होती.

म्हणून मी तुझा आवाज काढला. म्हणजे काढायचं ते काय, आवाज तोच. फक्त आधी जीभ टाळूला लावली, टक्, आणि तुझ्यासारखं भरभर, शब्द गिळत म्हणाले, "अजून नाही गं आई." आयुष्यात पहिल्यांदा माझी वेळ चुकली नाही.

मग ती बोलत राहिली, मी हं हं करत राहिले. सहा वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले, तेव्हा तिने तुला सांगितलं, ताईला बोलाव. तू बोलावलं नाहीस. तूच तिच्या खाटेशी बसून 'ताई' झालीस. ती म्हणाली, पाच मिनिटं मी खुळ्यासारखी बोलले तुझ्याशी, आणि मग ते टक् ऐकलं. ते टक् थेटरात ऐकलं होतं गं मी, पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती बाई होती, कान कुठे जागेवर होते. डोळे गेल्यावर कळलं. मग तू तिच्या पायांवर पडून कबूल झालीस. ती तुला म्हणाली, मला नको सांगूस, तिला लिही, तिला बोलावून आण, मला तिच्या पाया पडायचंय.

आईने माझ्या पाया पडायचंय असं म्हटलं, मिठू. सहा वर्षांपूर्वी.

आणि तू तिला सांगत आलीस की लिहिलंय, उत्तर येत नाही, ताईचं मन उतरत नाही. मी विचारलं, फोन केला असतास तर? ती म्हणाली, तो बाहेरच्या खोलीत, मला तिथवर कोण नेतं? सहा वर्षांत फोन हाताला लागलेला नाही. तेव्हा 'पुन्हा फोन करू नकोस' म्हणालेला तो बारीक आवाज कुणाचा, हे मी तुला विचारत नाही. ते कोणत्या लाल दिव्यावर बोललीस, तेवढं सांग.

मी तुला माफीबिफी नको म्हणाले होते, कारण मला वाटलं होतं, आईला खरं अजून कळायचंय. तिला तर सहा वर्षं सगळं ठाऊक आहे! ती तिथे माझी वाट बघतेय आणि मी इथे तिच्या रागाची शिक्षा भोगतेय, आणि मध्ये तू बसलीस, दोघींचे आवाज काढत. तो सिनेमा मी तुला एक वेळ सोडला असता. ही सहा वर्षं नाही सोडणार. मला तुझा राग येतो असं लिहायलासुद्धा शब्द पुरत नाहीत.

मग ती थकली. म्हणाली, आता काढ जरा तिचा आवाज, झोप लागेल. मी माझ्या आवाजात, माझ्या चुकीच्या वेळेला, हळूच म्हणाले, आई. तिने डोळे मिटले. म्हणाली, आज अगदी हुबेहूब जमलंय तुला.

सांभाळणाऱ्या बाई परत आल्या, मी उठून आले. जाताना आईला तुझ्या आवाजात सांगून आलेय, की उत्तर आत्ताच आलंय, उद्या सकाळी दहाला ताई येतेय. ती एकदम ताठ बसली आणि मला म्हणाली, माझे केस विंचरून दे उद्या लवकर. ते तू करशील.

आता नीट वाच. उद्या मी येऊन कितीही ओरडले तरी ती म्हणणार, मिठू, पुरे. सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितलं तरी म्हणेल, तुम्ही सगळ्या सामील. तू माझा आवाज इतका वापरलास की आता तो माझ्या तोंडून खरा वाटत नाही. तिच्याकडे फक्त कान उरलेत, आणि त्या कानांची खात्री एकाच रीतीने पटेल. आपण दोघींनी एकाच वेळी बोलायचं. एका माणसाच्या तोंडून दोन आवाज निघत नाहीत, हे आंधळ्यालाही कळतं. इतके सिनेमे झाले, पण आपल्या दोघींचे आवाज एकत्र कधी ऐकू आले नाहीत, कारण तू बोलायचीस तेव्हा मी गप्प असायचे.

तू तिच्या उजव्या बाजूला बस, मी डाव्या बाजूला बसेन. एकच शब्द आहे, आई. एकीचा आधी आणि दुसरीचा मागून आला, तर तिला वाटेल तूच इकडून तिकडे वळून बोलतेयस. एकदम यायला हवा. आणि माझं तुला ठाऊक आहे, मी चुकणार. रडू आलं तर नक्कीच चुकणार. तेव्हा तुलाच सांभाळून घ्यावं लागेल, हे लिहिताना मला किती जड जातंय ते तुला कळणार नाही. माझ्या आयुष्यात जे खरं एकदाच बोलायचंय, तेसुद्धा तुझ्याशिवाय मला बोलता येत नाही.

आशीर्वादाचं त्यानंतर बघू. हे पत्र दाराखालून सरकवून जातेय.

उद्या माझ्या डोळ्यांत बघायचं धाडस तुला व्हायचं नाही, आणि मलाही ते नको. माझ्या ओठांकडे बघ. नेहमी बघायचीस तसं.

ताई